सिनेमाला जाताना अडवणारे नियम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या दिवाळीत बाबांना घेऊन सिनेमाला गेले होते. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, इन्सुलिन घेणारे. त्यांच्या पिशवीत स्टीलच्या छोट्या डब्यात अर्धी भाकरी आणि मूठभर फुटाणे होते. दाराशी सुरक्षारक्षकाने डबा बाहेर काढला आणि म्हणाला, "काका, हा इथं ठेवा, जाताना घ्या." टेबलावर आधीच पाण्याच्या बाटल्या, केळी आणि कुणाचा तरी बिस्किटाचा पुडा पडलेला होता. बाबांनी काही न बोलता डबा ठेवला. मध्यंतरापर्यंत त्यांच्या हाताला कंप सुटला. खाण्याच्या काउंटरवर एवढी रांग की माझा नंबर येईपर्यंत पंधरा मिनिटं गेली. गोड पेय मिळालं, बाबा सावरले. मात्र त्यानंतर सिनेमात माझं लक्ष लागलं नाही.

घरी आल्यावर मी एकच गोष्ट शोधायला बसले. दारावर आपल्याला जे नियम सांगतात, त्यातले कायद्याचे किती आणि त्या थिएटरने स्वतः केलेले किती? या दोन्हींत फार मोठा फरक आहे आणि तो आपल्याला कुणी सांगत नाही. नातेवाईक, शेजारी, ऑफिसातल्या मैत्रिणी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

बाहेरचे पदार्थ आत न्यायला कायद्याने बंदी आहे का?

नाही. तरीही थिएटर तुम्हाला अडवू शकतं. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जुलै २०१८ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात राज्याच्या मंत्र्यांनी सांगितलं होतं की, मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचं खाणं नेण्यावर कोणतीही बंदी नाही आणि अडवणाऱ्यांवर कारवाई होईल. तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं, सुटलो. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयात याच विषयावर जनहित याचिका चालू होती. पण पुढच्याच महिन्यात सरकारने न्यायालयात वेगळा सूर लावला. सुरक्षेचा मुद्दा पुढे केला आणि यात सरकारने हस्तक्षेप करण्याची गरज नाही, असं सांगितलं. घोषणा वर्तमानपत्रात छापून आली आणि दारावरची पाटी होती तशीच राहिली.

शेवटचा शब्द सर्वोच्च न्यायालयाचा. जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तिथल्या थिएटरांना अशी बंदी घालायला मनाई केली होती. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी रद्द केला. खंडपीठात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती नरसिंह होते. थिएटर ही मालकाची खासगी मालमत्ता आहे, आत काय आणू द्यायचं याच्या अटी तो घालू शकतो, असं न्यायालय म्हणालं. कुणी आत जिलेबी खाल्ली आणि हात खुर्चीला पुसले तर साफसफाईचा खर्च कोण करणार, हे उदाहरणही तेव्हा दिलं गेलं.

म्हणजे बंदी मालकाची आहे, सरकारची नाही. दारावरचा माणूस "सरकारी नियम आहे" म्हणाला, तर ते खरं नाही. "आमच्या कंपनीचा नियम आहे" म्हणाला, तर ते खरं आहे आणि आज तरी तो नियम न्यायालयात टिकलेला आहे.

माझं मत विचाराल तर जिलेबीचा मुद्दा मला पटतो. पण खुर्ची तेलकट होण्याचं कारण असेल, तर आतल्या काउंटरवर चीज घातलेले नाचोज आणि सॉस घातलेले बर्गर कसे चालतात? खुर्ची खराब होईल असं खाणं नको, ही अट सगळ्यांना सारखी लावावी. मग सुका चिवडा चालला पाहिजे.

निदान पाण्याची बाटली?

त्याच निकालात न्यायालयाने नोंदवलं आहे की, थिएटरने पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट उपलब्ध ठेवलं पाहिजे. हे लक्षात ठेवा, कारण ते वापरता येतं. बाटली आत नेण्याचा हक्क त्यातून मिळत नाही, पाणी मिळण्याचा मिळतो.

प्रत्यक्षात कूलर बहुतेक वेळा स्वच्छतागृहाच्या बाजूच्या कोपऱ्यात असतो. पाटी नसते, कधी पेलेही नसतात. काउंटरवर विचारलं तर आधी बाटलीबंद पाणी पुढे येतं. मी आता थेट विचारते, "फुकट पिण्याचं पाणी कुठे आहे?" असं विचारलं की उत्तर मिळतं. रिकामी बाटली घेऊन जाण्याची युक्ती माझ्या बहिणीची. रिकामी बाटली सहसा कुणी अडवत नाही आणि ती आत भरून घेता येते.

लहान बाळाचं खाणं आणि आजारी माणसाचं खाणं यांचं काय?

बाळाबद्दल शंका ठेवू नका. तान्ह्या किंवा लहान बाळासाठी आईवडील वाजवी प्रमाणात खाणं नेत असतील तर थिएटरने हरकत घेऊ नये, असं २०२३ च्या निकालातच आलं आहे. दुधाची बाटली, नाचणीचं सत्त्व, मऊ भाताचा छोटा डबा, हे सगळं त्यात बसतं. दारात कुणी अडवलं तर शांतपणे हा निकाल सांगा आणि व्यवस्थापकाला बोलवायला सांगा. दारावरची मुलं कंत्राटी असतात, त्यांना जेवढं सांगितलेलं असतं तेवढंच ती करतात. त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

मधुमेही माणसांबद्दल त्या निकालात अशी स्पष्ट ओळ नाही. ही उणीव मला फार बोचते. आपल्याकडे घरोघर कुणाला ना कुणाला साखरेचा त्रास आहे आणि पावणेतीन तासांचा सिनेमा, त्याआधीच्या जाहिराती, येण्याजाण्याचा वेळ मिळून चार-साडेचार तास सहज जातात. बाबांच्या त्या प्रसंगानंतर मी थिएटरच्या व्यवस्थापकांना ईमेल लिहिलं. आठवड्याने उत्तर आलं की डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली तर औषधाबरोबर लागणारं खाणं नेऊ देऊ. आता ती चिठ्ठी बाबांच्या पाकिटात ज्येष्ठ नागरिकाच्या कार्डाला लागून असते आणि त्यानंतर दोनदा ती उपयोगी पडली. दोन्ही वेळा व्यवस्थापक नीट बोलले. तुमच्या घरी कुणी मधुमेही असेल तर आधीच ईमेल करा आणि आलेलं उत्तर मोबाइलवर जपून ठेवा.

तीच पाण्याची बाटली आत दुप्पट किमतीला कशी?

बंद पाकिटावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त पैसे दुकानदाराने घेणं हा वैधमापन (वजन-मापांच्या) कायद्याखाली गुन्हा आहे. त्यातून पळवाट म्हणून काही ठिकाणी बाटलीवरच जास्त किंमत छापून घेत असत. एकाच मालावर अशा दोन वेगवेगळ्या किमती छापायला १ जानेवारी २०१८ पासून मनाई झाली. तरी वेगळ्या नावाचं किंवा वेगळ्या आकाराचं पाणी ठेवलं की तुलना करायला हातात काही उरत नाही. बाटलीवरची छापील किंमत आणि बिल यांचा फोटो काढून ठेवा. दोन्हींत फरक असेल तर वैधमापन विभागाकडे तक्रार करता येते.

पॉपकॉर्न, समोसा, कॉफी यांना हे लागू नाही. ते सुटे, तयार पदार्थ. त्यांची किंमत थिएटर हवी तेवढी ठेवू शकतं.

एक बारकावा मात्र सांगते. थिएटरमध्ये वेगळ्या विकलेल्या खाण्यावर ५ टक्के जीएसटी लागतो, हे जीएसटी परिषदेने जुलै २०२३ मध्ये स्पष्ट केलं. पण खाणं तिकिटाबरोबर जोडून एकत्र विकलं तर त्या सगळ्यालाच तिकिटाचा दर लागतो. १०० रुपयांवरच्या तिकिटाला तो १८ टक्के आहे. तिकीट काढताना ॲप "कॉम्बो घ्या" म्हणून मागे लागतं, तेव्हा थांबून हिशेब करा.

पिशवी तपासताना पॉवर बँक, लॅपटॉप, हेल्मेट का काढून घेतात?

आगकाडी, लायटर, तंबाखू, धारदार वस्तू यांना आत बंदी असावी, याबद्दल माझी तक्रार नाही. बंद हॉलमध्ये तीनशे माणसं बसलेली असतात. कॅमेऱ्याचंही कारण खरं आहे. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनुसार थिएटरमध्ये सिनेमा चोरून रेकॉर्ड केला तर तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड होऊ शकतो. मोबाइलवर गाण्याचा तुकडा काढून स्टेटसला टाकणाऱ्यांनी हे वाचावं.

खरा त्रास वस्तू ठेवायच्या सोयीचा आहे. ऑफिसातून थेट सहाच्या शोला येणाऱ्या माणसाकडे लॅपटॉप असणारच. तो आत नको असेल तर ठेवायला कुलूप असलेली जागा आणि हातात टोकन मिळालं पाहिजे. अनेक ठिकाणी उघड्या टेबलाखाली पिशव्यांचा ढीग असतो आणि वर पाटी, "सामानाची जबाबदारी व्यवस्थापनाची नाही." सामान तुम्ही ठेवायला लावलंत तर जबाबदारी तुमचीच, एवढं साधं आहे हे. टोकन किंवा पावती मागा. दिली नाही तर वस्तू टेबलावर ठेवताना फोटो काढा.

ऑनलाइन तिकिटावर जादा पैसे का घेतात?

दोघांचं तिकीट चारशेचं आणि हातात येताना साडेचारशेच्या पुढे, हे सगळ्यांनी अनुभवलं आहे. महाराष्ट्र सरकारने २०१३ आणि २०१४ मध्ये आदेश काढून ऑनलाइन तिकिटावर असा जादा आकार घ्यायला थिएटरांना मनाई केली होती. ते आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये रद्द केले. कायद्याचा आधार नसताना सरकार अशी बंदी घालू शकत नाही, व्यवसाय करण्याच्या मूलभूत हक्कावर ते आक्रमण आहे, असा त्याचा आशय. म्हणजे आजच्या घडीला हा आकार बेकायदा नाही. त्यावर वर १८ टक्के जीएसटीही लागतो.

तो टाळायचा मार्ग जुनाच आहे, तिकीट खिडकी. खिडकीवर हा आकार लागत नाही. अडचण एवढीच की काही मल्टिप्लेक्समध्ये खिडकीवर माणूसच नसतो, तिथला कर्मचारी मशीनकडे किंवा मोबाइलवरच्या ॲपकडे बोट दाखवतो. सोयीचे पैसे घ्यायचे असतील तर ती सोय नाकारण्याचाही मार्ग उघडा पाहिजे. माझे सासरे स्मार्टफोन वापरत नाहीत. एकटे सिनेमाला जायची त्यांची पन्नास वर्षांची सवय या एका गोष्टीने मोडली.

एक खुर्ची मोकळी सोडून तिकीट का काढता येत नाही?

मधे एकटी खुर्ची उरली तर ती विकली जात नाही, म्हणून ॲपमध्ये ही अट घातलेली असते. गर्दीच्या शोला मी ती समजू शकते. पण मंगळवारी दुपारी सगळं थिएटर रिकामं असताना कडेच्या खुर्चीसाठी अडवणूक कशाला? गुडघा दुखणाऱ्या माणसाला कडेचीच जागा लागते. अशा वेळी खिडकीवर गेलात तर तिथला माणूस हवी ती जागा सहसा देतो.

तीन वर्षांच्या मुलाला पूर्ण तिकीट?

हो, बहुतेक मल्टिप्लेक्समध्ये तीन वर्षं पूर्ण झाली की पूर्ण तिकीट. हा कंपन्यांचा नियम आहे. एसटीत पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट असतं. आपण सगळे त्या अर्ध्या तिकिटावर आजोळी गेलेलो आहोत. सिनेमात अर्ध्या तिकिटाची पद्धत का नसावी, याचं पटेल असं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. मूल आईच्या मांडीवर झोपतं आणि खुर्चीचे पैसे भरावे लागतात.

यूए आणि ए यांत फरक काय? मुलाला बाहेर काढू शकतात का?

हा प्रश्न दारात सर्वात जास्त भांडणं लावतो.

ए म्हणजे फक्त प्रौढांसाठी. अठरा पूर्ण नसलेल्या कुणालाही प्रवेश नाही, आईवडील बरोबर असले तरी नाही. हा कायदा आहे आणि तो मोडला तर थिएटरवर कारवाई होते. इथे ओळखपत्र मागितलं तर राग धरू नका. कॉलेजच्या मुलांनी डिजिलॉकरमध्ये आधार ठेवावं, काम भागतं.

यूए म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायचा सिनेमा. त्याचं तसं नाही. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीने यूएचे तीन भाग केले : ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील आणि १६ वर्षांवरील. पण हे वय पालकांच्या माहितीसाठी आहे. त्या वयाखालच्या मुलाला सिनेमा दाखवायचा की नाही, हे ठरवायचा अधिकार पालकांचाच आणि दुसऱ्या कुणी ती अंमलबजावणी करायची नाही, असं कायद्यातच म्हटलं आहे. अकरा वर्षांची मुलगी आईबरोबर "यूए १३+" सिनेमाला आली म्हणून तिला परत पाठवता येत नाही. माझ्या भाचीला असं एकदा अडवलं होतं. तिने सिनेमासाठी नवा फ्रॉक घातला होता. आम्ही व्यवस्थापकांशी बोललो, त्यांनी आत सोडलं. तोवर सिनेमाची पहिली दहा मिनिटं गेली होती.

तिकिटावर साडेसहा, सिनेमा सात वाजता. हे चालतं का?

बंगळुरूत एका प्रेक्षकाने हाच प्रश्न ग्राहक आयोगात नेला. ४ वाजून ५ मिनिटांचा शो जाहिराती संपून साडेचारला सुरू झाला आणि पुढची कामं खोळंबली, अशी त्याची तक्रार. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने त्याच्या बाजूने निकाल दिला. भरपाई, खर्च आणि वर १ लाख रुपयांचा दंड. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. त्यामुळे तो निकाल दाखवून दारात वाद घालू नका.

मागणी मात्र रास्त आहे. तिकिटावर दोन वेळा छापाव्यात. दारं उघडण्याची एक आणि मूळ सिनेमा सुरू होण्याची दुसरी. त्यासाठी कायदाही बदलावा लागणार नाही. ज्याला शेवटची लोकल किंवा गावाकडे जाणारी रात्रीची एसटी गाठायची असते, त्याला ही पंचवीस मिनिटं फार महाग पडतात. रिक्षाचं रात्रीचं भाडं तिकिटाएवढं होतं.

तंबाखूविरोधी फिती आणि पडद्यावरची सूचना पण थिएटरनेच घातलेली का?

नाही, तो केंद्राचा नियम आहे. २ ऑक्टोबर २०१२ पासून लागू. तंबाखूचं दृश्य असलेल्या सिनेमात सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर आरोग्याची सूचना दाखवावीच लागते आणि त्या दृश्याखाली ओळही द्यावी लागते. चित्राचा विरस होतो हे मान्य. पण माझ्या काकांना तोंडाचा कर्करोग झाला होता. या एका नियमाविरुद्ध मी बोलणार नाही.

राष्ट्रगीताला उभं राहणं सक्तीचं आहे का?

महाराष्ट्रात २००३ पासून सिनेमाआधी राष्ट्रगीत लावतात. सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१६ रोजी ते देशभर सक्तीचं केलं आणि ९ जानेवारी २०१८ रोजी स्वतःचाच आदेश बदलून लावणं ऐच्छिक ठरवलं. लावलं तर मान राखायचा. अपंग व्यक्तींना उभं राहण्यातून सूट आहे आणि सगळीच अपंगत्वं डोळ्यांना दिसत नाहीत. शेजारच्या खुर्चीतला माणूस उठला नाही म्हणून त्याच्यावर ओरडण्याआधी एवढं आठवावं.

चाकाच्या खुर्चीवरच्या किंवा ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी काही नियम आहेत का?

आहेत आणि इथे नियम कमी नाहीत, अंमलबजावणी कमी आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्गदर्शक तत्त्वं काढली. ऐकू न येणाऱ्यांसाठी पडद्यावर मथळे (संवाद लिहून दाखवणाऱ्या ओळी) आणि न दिसणाऱ्यांसाठी दृश्यांचं बोलकं वर्णन टप्प्याटप्प्याने द्यायचं, असं त्यात आहे. मराठी सिनेमाचा शो लावताना इंग्रजी मथळे असतात, पण मराठीतच मथळे दिले तर ऐकू कमी येणाऱ्या आपल्या आजी-आजोबांना केवढा आधार होईल! चाकाच्या खुर्चीची जागा अनेकदा पडद्याला अगदी चिकटून, पहिल्या रांगेत असते. तिथून मान वर करून अडीच तास बघणं कुणालाही अशक्य आहे.

मग तुमच्या मते नियम नकोतच का?

हवेत. मोबाइल बंद ठेवण्याचा हवा आणि तो कडक हवा. पुढच्या खुर्चीवर पाय न टाकण्याचा हवा. दादरला प्लाझाच्या बाल्कनीत मी लहानपणी सिनेमे पाहिले. आईने आणलेला चिवडा कागदाच्या पुड्यात असायचा, पण डोअरकीपर बोलणाऱ्यांवर टॉर्च मारायचा आणि सगळे गप्प व्हायचे. तो टॉर्च आमच्यासाठी होता. आज शेजारी कुणी पूर्ण कॉल घेतला तरी आत बघायला कुणी येत नाही, आणि दारावर मात्र चार माणसं डबे शोधत असतात. ही माणसं आत पाठवा, एवढीच माझी विनंती आहे.

दाद कुठे मागायची?

आधी व्यवस्थापक, तेही लेखी. ईमेल पुरतं. तिकीट, बिल आणि फोटो जोडा. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. मराठीतही बोलता येतं. तिथून कंपनीकडे तक्रार जाते आणि छोट्या रकमांचे परतावे बऱ्याचदा इथेच मिळतात. एसी बंद पडला, खेळ मधेच थांबला, तिकिटावरची जागाच दुसऱ्याला दिलेली होती, अशा गोष्टींसाठी हा मार्ग चांगला.

त्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल होते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, म्हणून तिकिटाचा मेसेज लगेच पुसून टाकू नका.